पाळण्यापुढची खुर्ची

किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते मेंढराच्या लोकरीसारखे असतात, तुम्ही झोपलात तरी वाढतात. वर्षातून दोनदा कातरलं नाही तर मेंढराला चालता येत नाही, आणि किस्से सांगितले नाहीत तर माणसाला. म्हणून आज कातर घेऊन बसलोय. कुणाला टोचली तर हलू नका, हललं की जास्त लागतं.

आधी ठिकाण सांगतो. भूमकडून परंड्याकडं जाताना एक उघडा माळ लागतो. पूर्वी तिथं मी मेंढरं चारायचो, आता तिथं पार्क झालंय. आकाशपाळणा, ती मोठी झुलणारी नाव जिला सगळे 'कोलंबस' म्हणतात, टोराटोरा, भूतबंगला, लेकरांची आगगाडी आणि पाण्याच्या चार घसरगुंड्या. मालक अप्पा. माळ त्यांचा होता, मेंढरं माझी होती. मेंढरं विकली तेव्हा अप्पा म्हणाले, "बिरू, माणसं राखशील का?"

मी म्हणालो, "मेंढरांपेक्षा सोपं काम. माणसं खाल्लेलं रवंथ करत न्हाईत."

नंतर कळलं, करतात. आणि शेजारच्याला ऐकवत करतात.

तेव्हापासून आकाशपाळण्यापुढं माझी एक लाकडी खुर्ची आहे. काम एकच, रांग राखायची. सुट्टीच्या दिवशी पाळण्याला तासाभराची रांग. तासभर माणसं गप्प उभी राहिली की भांडणं उगवतात, म्हणून मी त्यांना बोलतं ठेवायचो. कुणाच्या टोपीला हस, कुणाच्या सासूबाईंना 'तुम्ही थोरल्या बहीण का?' म्हण. माझा ठरलेला एक किस्सा होता. "पुढचं मेंढरू कुठं चाललंय, हे मागच्या मेंढराला ठाऊक नसतं. त्याला वाटतं पुढच्याला ठाऊक असणार. आणि पुढच्याला वाटतं, एवढी मागनं ढकलतायत म्हणजे त्यांना ठाऊक असणार." एवढं बोलून मी थांबायचो आणि रांगेवरून नजर फिरवायचो. हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडायचा. ते बघण्यासाठी मी दिवसातून वीस वेळा तो किस्सा सांगितलेला आहे.

घरी सून म्हणते, "मामंजी, तुम्ही लई बोलता." इथं मला त्याच कामाला ठेवलेलं. सातवी नापास माणसाला आणखी काय पाहिजे?

आणि मग प्रणव आला.

* * *

प्रणव म्हणजे अप्पांच्या बहिणीचा मुलगा. पुण्यात इंजिनिअर. मोठमोठी पार्क बघून आलेला. पोरगं सज्जन, फक्त हसताना आधी परवानगी काढल्यासारखं हसायचं.

तो अप्पांना म्हणाला, "मामा, अनुभव सुधारायचाय. लोक मजा करायला येतात आणि अर्धा दिवस रांगेत घालवतात. आपण रांगच काढून टाकू."

म्हणजे असं की, गेटवर एक मशीन ठेवायचं, कंडक्टरकडं असतं तसलं. नाहीतर मोबाईलवरून नंबर लावायचा. चिठ्ठीवर खेळाचं नाव आणि वेळ. तोवर फिरा, खा, सावलीला बसा. वेळ झाली की या आणि थेट बसा. दहा मिनिटं उशीर झाला की चिठ्ठी बाद.

अप्पांनी विचारलं, "आणि बिरूची खुर्ची?"

प्रणव माझ्यासमोरच म्हणाला, "रांगच नसेल तर खुर्ची कशाला?" तोंडावर बोलला, हे मला आवडलं. बाकी काही आवडलं नाही.

अप्पांनी पोटावर हात फिरवला. निकाल देताना ते पोटाला विचारून देतात. "उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत दोन्ही राहू दे. पण एक सांगतो बिरू, ज्या दिवशी मला ती खुर्ची रिकामी दिसंल, त्या दिवशी ती उचलायची. रिकामी खुर्ची म्हणजे गरज नसलेली खुर्ची."

त्या दिवसापासून मी खुर्चीला गोचिडासारखा चिकटलो. लघवीला जायचं तरी पंचाईत. पाळणा चालवणाऱ्या रज्जाकला म्हणालो, "दोन मिनिटं बसतोस का रं माझ्या जागी?"

रज्जाक म्हणाला, "बसतो की काका. वरचे सोळा जण तसेच लटकू द्यायचे का उतरवून येऊ?"

* * *

पहिल्या दिवसाचं सांगतो. भूमकडचं एक कुटुंब आलं. त्यातल्या आजोबांच्या हातात प्रणवनं स्वतः चिठ्ठी दिली आणि सगळं समजावलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आमी कुठं उभं राहायचं?"

"कुठंच नाही, बाबा."

"व्हय, पण कुठंच न्हाय म्हंजे कुणीकडं?"

प्रणवनं पुन्हा समजावलं. रांग नाही, तुमची वेळ चारची आहे, आत्ता दोन वाजलेत, तोवर मोकळे फिरा. आजोबांनी मान डोलावली, सगळ्यांना बोलावलं आणि पाळण्याच्या गेटपुढं येऊन ओळीनं उभे राहिले. त्यांना बघून दुसरं कुटुंब आलं. अर्ध्या तासात माझ्यापुढं नेहमीसारखी रांग. फरक एवढाच की आता सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या.

प्रणव पळत आला. "बाबा, तुमची वेळ चारची आहे ना?"

"व्हय की," आजोबा म्हणाले. "म्हणून तर आत्ता आलोय."

मी खुर्चीत जरा मागं टेकलो.

* * *

पण सगळेच असे नव्हते हां. काही जणांना ते वेळेचं इतकं पटलं की प्रणवलाच घाम फुटला.

परंड्याचे एक रिटायर कंडक्टर आले होते, बायकोला घेऊन. चिठ्ठी हातात आल्याबरोबर त्यांच्या पाठीचा कणा सरळ झाला. तीन वीसची वेळ. तीन अठराला ते पाळण्याच्या दारात हजर, हातात घड्याळ. बायको भज्यांच्या गाड्यावर. तीन वीस झाले. रज्जाकनं पाळणा थांबवला.

मी म्हणालो, "कंडक्टरसाहेब, बाईंना येऊ द्या की. दहा मिनिटांची सवलत आहे."

"ती पाशिंजरांना," ते म्हणाले. "स्टाफला न्हाय." आणि आत बसून स्वतःच कडी लावून घेतली.

पाळणा वर गेला. बाई तेवढ्यात भज्यांचा कागद घेऊन आल्या आणि बघतात तर काय, नवरा आभाळात. वरनं ते मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवत होते. बाईंनी एक भजं तोंडात टाकलं आणि रज्जाकला विचारलं, "हे वरच थांबवता येतं का?"

"येतं की भाभी. किती वेळ?"

"माझी भजी संपस्तोवर."

कागदात भजी बरीच होती. शिवाय बाई सावकाश खाणाऱ्या.

* * *

आता हा पुढचा किस्सा कळायला आमच्याकडच्या विहिरी माहीत पाहिजेत. आमच्या भागात एका विहिरीवर चार-पाच भावकीतली घरं असतात. पाणी थोडं, म्हणून प्रत्येकाची बारी ठरलेली. आज तुझी, उद्या माझी. आणि त्यात एक कायदा आहे, तो कुठं लिहिलेला नाही पण लेकराबाळांना पाठ आहे. बारी मोडायची नाही. रान भिजलेलं असो, पिकाला पाण्याची गरज नसो, आपल्या बारीला आपली मोटर चालू झाली पाहिजे. आपण गावाला गेलो तर शेजाऱ्याला सांगून जायचं, 'माझ्या नावानं तू घे.' कारण एकदा का बारी मोडली की भावकी म्हणणार, 'तुला कुठं गरज हाय? मागच्या खेपेला तर घेतलं न्हाईस.'

तर मुरुमकडचे एक शेतकरी आले, घरची नऊ माणसं घेऊन. मुलानं मोबाईलवरून नऊ जणांचे कोलंबसचे नंबर लावले. दोन जण बसले. बाकीच्यांनी नाव झुलताना बघितली आणि सरळ नाही म्हणाले. म्हातारीनं तर देवाचं नाव घेऊन डोळेच झाकले.

उरल्या सात चिठ्ठ्या, दहा-दहा मिनिटांच्या अंतराच्या. त्यातली एक त्या शेतकऱ्याची स्वतःची. तो बसला आणि उतरला. दहा मिनिटांनी दुसरी चिठ्ठी घेऊन पुन्हा बसला. मग तिसरी. चौथ्या खेपेला त्याचा चेहरा कच्च्या कैरीसारखा झाला होता. पाचव्या खेपेला मुलगा त्याचा हात धरून ओढत होता आणि तो हात सोडवून घेत होता.

प्रणव पळत आला. त्या उन्हाळ्यात ते पोरगं चाललेलं मला आठवत नाही, पळतानाच आठवतं. "काका, बसलंच पाहिजे असं काही नाही. चिठ्ठी सोडून दिली तरी चालते."

शेतकऱ्यानं खांबाला धरून श्वास घेतला. "सोडून देऊ? माझ्या नावावरची? आज सोडली तर उद्या तूच म्हणशील, यांना गरज न्हाय."

"मी कशाला म्हणेन?"

"तू न्हाय म्हणणार. तुझी भावकी म्हणंल."

आणि सातवी बारी पुरी करून मगच तो लिंबाखाली आडवा झाला. म्हातारीनं डोळे उघडून विचारलं, "झालं का सगळ्यांचं?"

"झालं," तो म्हणाला. "कुणाची मोडली न्हाय."

प्रणव माझ्या खुर्चीशेजारी येऊन जमिनीवरच बसला. पहिल्यांदाच बसला. म्हणाला, "बिरूकाका, ही बारी म्हणजे नेमकं काय हो?"

त्याला सगळं सांगितलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. इंजिनिअर लिहून घेतो तेव्हा मला उगीच भीती वाटते, याचं आता काय छापून येणार म्हणून.

* * *

बारी आली म्हटल्यावर उसनवारीही आली. बायका एकमेकींना चिठ्ठ्या उसन्या द्यायला लागल्या. ओळख ना देख. "तुमचं लेकरू रडतंय, माझी तीनची घ्या, तुमची पाचची मला द्या." इथवर ठीक होतं.

एक दिवस एक बाई गेटवर आली आणि मशीनवरच्या पोरीला विचारायला लागली, "परंड्याची बाई आलीय का? हिरव्या लुगड्याची?"

पोरीनं प्रणवला बोलावलं. प्रणव म्हणाला, "ताई, नाव काय त्यांचं?"

"नाव मला काय ठाऊक? तीन आठवड्यामागं मी तिला माझी पाळण्याची बारी दिली. म्हणाली, पुढच्या खेपेला परत देते. आज मी आलीय."

"ताई, मी तुम्हाला नवीन चिठ्ठी देतो ना."

"तुझी कशाला? तुझं माझं काही देणंघेणं न्हाय."

आणि बाई गेटजवळच्या कट्ट्यावर बसली. दुपार झाली. प्रणव कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून हिरव्या लुगड्याची परंड्याची बाई शोधत होता. माझ्या मनात आलं, हे यंत्र मोठं हुशार, कोण किती वाजता कुठं बसलं सगळं सांगतं, पण कुणी कुणाला काय दिलं तेवढं त्याला ठाऊक नाही.

आता तुम्ही विचाराल, आली का ती परंड्याची बाई? आली की. चारच्या गाडीनं. लुगडं मात्र निळं होतं, म्हणून आधी दोघींचं भांडण झालं.

* * *

मधे एक खोडी केली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अप्पांची एक सवय आहे. सकाळी पार्कात आले की सगळ्यांना एकदम रागावतात. झाडलं का नाही, तेल घातलं का नाही, बिरू तू बोलतोस फार, रज्जाक तू ऐकतोस फार. सगळे एका ठिकाणी उभे, कुणाला काय बोलले ते कुणालाच कळत नाही.

एका सकाळी मी रज्जाकला मशीनवर बसवलं आणि चिठ्ठ्या छापून घेतल्या. बिरू, दहा दहा. रज्जाक, दहा वीस. भजेवाली शेवंताबाई, दहा तीस. प्रणव, दहा चाळीस. अप्पा गाडीतून उतरले तसा चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला.

"काय हे?"

"अप्पा, रागवायच्या वेळा. एकदम गर्दी होते, तुमाला नीट लक्ष देता येत न्हाय. अनुभव सुधारायचाय."

प्रणव खांबामागं वळला. त्याची पाठ हलत होती.

अप्पांनी चिठ्ठ्या एकेक वाचल्या. चेहऱ्यावर काही नाही. पोटावर हात फिरवला, खिशात चिठ्ठ्या घातल्या आणि ऑफिसात गेले. मला वाटलं, गेली खुर्ची.

बरोबर दहा दहाला अप्पा माझ्यापुढं उभे. आणि जे सुरू झाले! माझ्या वडिलांपासून माझ्या मेंढरांपर्यंत कुणाला सोडलं नाही. एवढं निवांत, एवढं नीट मला आयुष्यात कुणी रागावलेलं नाही. मी अगदी मन लावून ऐकत होतो. "आणि तुझ्या त्या खुर्चीचं म्हणशील तर बिरू, मला असं वाटतंय की..."

इथं त्यांनी घड्याळ बघितलं. "दहा वीस. राहिलेलं उद्या." आणि रज्जाककडं वळले.

खुर्चीचं त्यांना काय वाटतंय, ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दहा दहाची चिठ्ठी काढली. तर म्हणाले, "आज रागावण्यासारखं काही न्हाय."

* * *

माझ्या बाजूचेच किस्से सांगितले तर तुम्ही म्हणाल, म्हातारा स्वतःचंच घोडं दामटतोय. म्हणून एक माझ्या विरुद्धचा सांगतो.

आमच्याच गावातली एक आजी. गुडघे गेलेले. पार्क झाल्यापासून नातवंडांबरोबर यायची आणि गेटजवळ पिशव्या राखत बसायची. मी कैक वेळा म्हणालो, "आजी, या की पाळण्यात." म्हणायची, "तासभर उभं राहिले तर पाळण्यात न्हाय, तिरडीवर बसावं लागंल." मी हसायचो, पुढच्याची टिंगल करायचो. रांगेत उभं राहता येत नाही म्हणून एक माणूस कधीच वर जात नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खुर्चीत बसणाऱ्याला उभं राहण्याचं काय कळणार?

त्या उन्हाळ्यात आजीला चिठ्ठी मिळाली. ती लिंबाखाली बसून राहिली, वेळ झाली तशी नातीचा हात धरून आली आणि थेट डब्यात बसली. पाळणा वर गेला. रज्जाकनं न सांगता तो वर थोडा जास्त थांबवला.

आजी उतरली. मी विचारलं, "काय दिसलं, आजी?"

"घर दिसलं," ती म्हणाली. "एवढंसं. काड्याच्या पेटीएवढं. त्यात आमी अकरा जण राहतो व्हय रं?" मग पिशव्या उचलताना म्हणाली, "आणि त्यात मला बसायला जागा न्हाय म्हणतात."

मी प्रणवला हाक मारली. म्हणालो, "इंजिनिअर, वही काढ. ही आजी तुझ्या बाजूची. लिहून घे."

"तुम्ही सांगताय हे?"

"लिही म्हणतो ना. उद्या माझी मती फिरली तर मी न्हाय म्हणीन."

त्यानं लिहिलं. मग पेन तोंडात धरून म्हणाला, "आणि तुमच्या बाजूचं काय लिहू?"

समोर रांग उभी होती, चिठ्ठ्या हातात घेऊन, कारण नसताना. त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला सांगत होता की त्याच्या मेव्हण्याची मुलगी लग्नाची आहे. दुसरा विचारत होता, शिकलीय किती? मी बोट केलं. "ते लिही."

"काय लिहू पण?"

"मला काय ठाऊक? इंजिनिअर तू हाईस."

* * *

आता शेवटचा.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. धाराशिवच्या दवाखान्यात नाव घातलेलं. हिवाळ्यात घातलं होतं, तारीख आली ती बरोबर सुट्टीच्या शेवटच्या शनिवारची. शनिवारी ऑपरेशन, रविवारी सकाळी पट्टी काढायची. शनिवार-रविवार म्हणजे सगळ्यात मोठी गर्दी, आणि त्या रविवारी संध्याकाळी अप्पा खुर्चीचा निकाल देणार.

सून म्हणाली, "मामंजी, तारीख सोडली तर पुन्हा दिवाळीनंतर नंबर लागंल." म्हणजे बघा, हिकडं माझी बारी आणि तिकडंही माझीच बारी, आणि मी एकटा.

रज्जाकला म्हणालो, "बस की रं दोन दिवस."

त्यानं पाळण्याच्या कळीवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्ही सांगा, पाळणा कुणी फिरवायचा?"

शेवंताबाईचा गाडा सुटत नव्हता. सुनेला माझ्याबरोबर यायचं होतं. शेवटी अप्पांकडं गेलो.

"अप्पा, दोन दिवस रुमाल टाकून गेलो तर?"

अप्पा माझ्या डोळ्याकडं बघत होते. आवाज मात्र नेहमीचाच. "बिरू, ठरलं ते ठरलं. रुमाल म्हंजे माणूस न्हाय. डोळा नीट करून ये."

प्रणव तिथंच फायली चाळत होता. मान वर केली नाही त्यानं. मला थोडा राग आला. म्हटलं, जिंकलास बाबा, निदान बघ तरी.

शुक्रवारी संध्याकाळी खुर्ची पुसली. माझा पटका घडी करून तिच्यावर ठेवला, काठी खुर्चीच्या हाताला टेकवली. रुमाल म्हणजे माणूस नाही, हे मान्य. तरी ठेवला.

ऑपरेशन टेबलावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, बोलू नका, हलू नका." आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही गोष्टी एकदम केल्या. रविवारी सकाळी पट्टी निघाली. समोरच्या भिंतीवरच्या पाटीचं अक्षर न अक्षर दिसायला लागलं, सुनेच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा. डॉक्टरीणबाईंनी काळा चष्मा लावून दिला आणि म्हणाल्या, "घरी जाऊन आराम करा."

मी एसटीत बसलो. घराचा थांबा आला. सून उठली, मी उठलो नाही.

"मामंजी, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"त्यांनी घरी जा म्हटलं. घर कुठलं ते कुठं म्हटलं?"

सून पुन्हा माझ्या शेजारी बसली. ती कधी कधी लई शहाण्यासारखं वागते, ते तिला सांगू नका.

पार्कात पोचलो तेव्हा चार वाजले होते. ऊन रखरखीत, काळ्या चष्म्यातून सगळं संध्याकाळसारखं. खुर्ची आधीच उचलली का आज उचलणार, एवढंच मनात. अप्पा दिसले. आगगाडीच्या रुळाजवळ हात मागं बांधून उभे, तोंड पाळण्याकडं. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, नुसतं म्हणाले, "कालपास्नं हेच चाललंय."

पाळण्यापुढं रांग होती. चिठ्ठ्या हातात. आणि रांगेतून आवाज येत होता, "पुढच्या मेंढरालाही ठाऊक नसतं आणि मागच्यालाही ठाऊक नसतं, दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला ठाऊक आहे. तर, म्हणजे, एकदा काय झालं, मेंढरं चालली होती..."

शेवट आधी सांगून टाकला होता गाढवानं. तरी माणसं हसत होती. बहुतेक त्यालाच हसत होती.

मी पुढं गेलो. खुर्चीत प्रणव बसलेला. डोक्यावर माझा पटका, एका कानावर घसरलेला. हातात माझी काठी, उलटी धरलेली. मानेवर उन्हाचा पट्टा उठलेला, घसा बसलेला. बाजूला शेवंताबाईच्या गाड्यावरची ताटली, खाऊन झालेली. कालची का आजची, कुणास ठाऊक.

मला बघितलं तरी उठला नाही. रज्जाक तिकडून ओरडला, "काका, हा जेवायला पण उठत न्हाय. काल मला म्हणाला, दोन मिनिटं बसतोस का!"

मी म्हणालो, "इंजिनिअर, ऊठ. आलो मी."

प्रणवनं खिशात हात घातला आणि एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. नवीन डोळ्यानं हातात धरून पहिल्यांदा काही वाचलं असेल तर ते. बिरूकाका. खुर्ची. साडेपाच.

"साडेपाचला या," तो म्हणाला. "डोळ्याला ऊन लागू देऊ नका. तोवर फिरा, खा, सावलीला बसा."

"आणि दहा मिनिटं उशीर झाला तर?"

"तर मी बसलोय की."

मी अप्पांकडं वळून बघितलं. ते आगगाडीकडं बघत होते. त्या वेळी आगगाडी चालू नव्हती.

चिठ्ठी हातात घेऊन मी हळूहळू मागं चालत गेलो आणि रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिलो. पुढं एक अनोळखी गृहस्थ होते. त्यांनी वळून माझा काळा चष्मा बघितला, हातातली चिठ्ठी बघितली.

"बाबा, तुमची कितीची?"

"साडेपाचची."

"अहो, आत्ताशी तर चार वाजलेत."

"व्हय की," मी म्हणालो. "म्हणून तर आत्ता आलोय."